दर रविवारी दहा मिनिटं गाडी चालू ठेवतो, तरी बॅटरी का उतरते?

चांदणीचौकातला | १५ जून, रात्री ९.४८

मंडळी, आधी किस्सा सांगतो, मग प्रश्न.

परवा रविवारी सकाळी सहाला सासुरवाडीला, वाईला निघायचं होतं. सामान डिकीत, मुलगी मागच्या सीटवर अर्धवट झोपेत, बायको कुलूप लावून खाली आलेली. चावी फिरवली तर नुसतं टकटकटकटक. डॅशबोर्डावरचे दिवे एकदा चमकले आणि मंद होत विझले. गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये, तोंड भिंतीकडे. वॉचमन आणि पेपर टाकणारा पोऱ्या, दोघांनी मिळून आधी मागे घेतली, मग पार्किंगभर दोन फेऱ्या ढकलली. मी सेकंडमध्ये क्लच सोडून बघतोय, गाडी आचके देतेय, बाकी काही नाही. शेवटी शेजारच्या काकांनी त्यांची गाडी आडवी लावून जंपर केबलनं चालू करून दिली. "वापरतच नाहीस रे तू," हे त्यांचं वाक्य वाईपर्यंत बायकोच्या तोंडून चारदा ऐकलं.

गाडी सात वर्षांची, पेट्रोल, ३५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी. पहिली, गाडीबरोबर आलेली, सव्वाचार वर्षं चालली. दुसरी दीड वर्षात गेली. ही तिसरी, चौदा महिन्यांची. माझं बरंचसं काम घरून, हिंजवडीला जातो ते कंपनीच्या बसनं. मार्चपर्यंत बायको आठवड्यातून एक-दोनदा गाडी न्यायची, आता तिलाही कॅब मिळते. त्यामुळे गाडी महिन्यातून दोन-तीनदाच बाहेर पडते.

पण मी काही बेफिकीर माणूस नाही! दर रविवारी न चुकता खाली जातो, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो, एसी लावून पेपर वाचतो. तरी ही तऱ्हा. दुकानदार म्हणतो, उतरलेली बॅटरी वॉरंटीत बसत नाही, नवी घ्या, जुनीचे वजा करून देतो. घेऊ का?

---

सदाशिव_तीस | १५ जून, रात्री १०.०५

"गाडी" वाचून दुचाकीचा धागा समजून उघडला. पुण्यात गाडी म्हणजे दुचाकी. तुमची ती फोर व्हीलर.

बाकी महिन्यातून दोनदा लागणाऱ्या वस्तूसाठी विमा, पार्किंग आणि बॅटरी भरण्यापेक्षा रिक्षा स्वस्त पडते. अर्थात रिक्षावाला वाईला येणार नाही म्हणेल. तो चांदणी चौकालाही नाहीच म्हणतो.

---

मल्टिमीटर | १५ जून, रात्री १०.३१

नवी घेण्याची घाई करू नका. दोन दोन वर्षांत बॅटरी जात असेल तर दोष बहुतेक बॅटरीबाहेर आहे, तिसरी गेली तशी चौथीही जाईल.

एक डिजिटल मल्टिमीटर आणा. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत साधासुधा मिळतो, आपल्या कामाला पुरतो. उद्या सकाळी, गाडीला चावी न लावता, बॉनेट उघडून दोन टर्मिनलवर लावा आणि आकडा इथे टाका. रात्रभर उभी असतानाचाच आकडा हवा. गाडी नुकतीच बंद केलेली असेल तर प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो, मीटर १२.८-१२.९ व्होल्ट दाखवतं आणि माणूस खूश होऊन वर जातो.

रात्रभर उभ्या गाडीला १२.६ किंवा वर असेल तर पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० दिसलं तर पाव उरली समजा. नाव बारा व्होल्टची म्हणून लोकांना १२.० बघून बरं वाटतं, तिथेच घोळ होतो.

आणि एक विचारतो: डॅशकॅम, जीपीएस, सबवूफर, काही वरून बसवलंय का?

---

प्रवासी_पक्षी | १५ जून, रात्री ११.१२

फास्टॅग! काचेवर चोवीस तास चिकटलेला असतो, तोही करंट खातोच की. आमच्या ओळखीतल्या एकाने काढून ठेवला आणि बॅटरीचा त्रास संपला.

---

मल्टिमीटर | १५ जून, रात्री ११.२०

पक्षीराव, फास्टॅगला वायर कुठे आहे? ते पॅसिव्ह आरएफआयडी आहे. टोलनाक्यावरच्या रीडरच्या लहरींवरच ते जागं होतं, गाडीच्या बॅटरीशी त्याचा संबंध नाही. ओळखीतल्यांनी त्याच सुमारास गाडी जास्त चालवली असेल.

---

भोसरीचा_वायरमन | १६ जून, पहाटे ५.५०

छत्तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. रोज दोन-चार गिऱ्हाइकं हेच सांगत यायची, "दर रविवारी चालू करतो हो." म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं, बॅटरीशी संबंध नसलेलं. तळघरात इंजिन चालू ठेवून आत बसून पेपर वाचू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. पेपर गॅलरीत वाचा.

आता दहा मिनिटांचं. लोकांना वाटतं सेल्फ मारला की बॅटरी रिकामी होते आणि मग अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणारं यंत्र, ती भरून काढतो. सेल्फ दीडशे अँपिअर ओढतो हे खरं, पण किती वेळ? दोन सेकंद. हिशेब करा, एक दशांश अँपिअर-तासही होत नाही. तेवढं दोन-चार मिनिटांत परत येतं. सेल्फनं बॅटरी मरत नाही. अर्धी रिकामी होऊन उभी राहिली की मरते.

गाडी बंद असली तरी आतलं सगळं झोपत नाही. घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, कॉम्प्युटरची मेमरी. धडधाकट गाडीत २० ते ५० मिलिअँपिअर जातात. ३० धरले तर दिवसाला पाऊण अँपिअर-तास, तीन आठवड्यांत पंधरा. तुमची बॅटरी पस्तीसची. वर बॅटरी स्वतःहून थोडी उतरते ती वेगळी, उन्हाळ्यात जास्त.

ते पंधरा दहा मिनिटांत कसे भरणार? इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटर पूर्ण ताकदीनं देत नाही. त्यात तुमचा एसी, म्हणजे ब्लोअर आला, रेडिएटरचा पंखा आला. बॅटरीच्या वाट्याला उरतं काय?

आणि समजा अल्टरनेटर देतोय भरपूर, तरी बॅटरी घेत नाही. डेपोतून सुटणारी पीएमटी बस आठवा. पहिले तीस जण धडाधड चढतात, जागा दिसेल तिथे बसतात. शेवटचे दहा जण आत सरका, आत सरका म्हणत एकेक करून शिरतात. बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत पटकन भरते, उरलेल्या विसाला तितकाच किंवा जास्त वेळ लागतो. ते वीस टक्के रविवारच्या दहा मिनिटांत कधीच भरत नाहीत. वर्षभर बॅटरी साठ-सत्तरवरच राहते आणि तिथेच सडते.

---

रसायनवाली | १६ जून, सकाळी ८.१५

"सडते" म्हणजे काय ते मी सांगते, माझा विषय आहे. कॉलेजात दरवर्षी शिकवते, पण मुलं परीक्षेपुरतंच ऐकतात, इथे तरी कोणी ऐकेल.

एका प्लेटवर शिसं, दुसरीवर शिशाचं डायऑक्साइड, मध्ये पाण्यातलं गंधकाम्ल. बॅटरी वापरली की दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट बसतं आणि आम्ल पातळ होतं. चार्ज केली की सल्फेट परत विरघळतं, आम्ल दाट होतं. १८५९ मध्ये फ्रान्समध्ये गास्तों प्लान्तेनं हे बनवलं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं यंत्र आपण अजून बॉनेटखाली घेऊन फिरतो आहोत.

ताजं सल्फेट पिठीसाखरेसारखं बारीक असतं, लगेच विरघळतं. तेच आठवडेच्या आठवडे तसंच राहू दिलं की कण एकमेकांना धरून मोठे होतात, खडीसाखर होते. खडीसाखरेचा खडा विरघळायला किती वेळ लागतो ते प्रसादाचा खडा तोंडात धरणाऱ्याला विचारा. इथे तर काही खडे विरघळतच नाहीत. तेवढी प्लेट कायमची निकामी. व्होल्टेज दाखवते, पण सेल्फ मारला की मान टाकते. यालाच सल्फेशन म्हणतात. म्हणून ही बॅटरी मोबाइलसारखी "संपू दे, मग लावू" म्हणून चालत नाही. हिला कायम भरलेलंच आवडतं.

---

चांदणीचौकातला | १६ जून, सकाळी ९.०२

मीटर शेजाऱ्यांकडे निघालं. आकडा १२.३१. रविवारी वाईला जाऊन-येऊन चार तास गाडी चालली होती, त्यानंतर हललेली नाही.

आणि हो, डॅशकॅम आहे. पुढे-मागे दोन कॅमेरे, उभ्या गाडीतही चालू राहतात. दुसरी बॅटरी टाकली त्याच दिवाळीत बसवला. वायरमनकाका, पेपरचं लक्षात आलं, बायकोलाही वाचून दाखवलं. तिनं ते जरा जास्तच लक्षात ठेवलंय.

---

मल्टिमीटर | १६ जून, सकाळी ९.१०

"दुसरी बॅटरी टाकली त्याच दिवाळीत." दुसरी आणि तिसरी का गेली याचं उत्तर तुम्हीच दिलंत.

चार तास हायवेवर चालून तीन दिवसांत १२.३१ म्हणजे एकतर भरतच नाही, नाहीतर गळतंय. बहुतेक दोन्ही. गळती मोजायची अशी. मीटर अँपिअरच्या मोडवर घ्या, लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि मीटर मध्ये लावा, एक टोक केबलला, एक बॅटरीच्या खुंटीला. दारं बंद, चावी लांब. बॉनेट उघडं राहणार, तर त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं दाबून बंद करा, नाहीतर काही गाड्या जाग्याच राहतात. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, घाबरू नका, गाडीतले कॉम्प्युटर जागे असतात. वीस-तीस मिनिटं थांबा.

मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, आतला फ्यूज उडेल. मी उडवलाय. दोनदा.

---

मंजिरी_हडपसर | १६ जून, दुपारी १.३०

मध्येच विचारते, चालेल ना? माझी स्कूटर आहे. सदाशिव पेठेच्या हिशेबात "गाडी". किक नाहीये. पावसात आठ-दहा दिवस नाही काढली की सेल्फ घर्रर्र करून बसतो. कारचा चार्जर तिला लावला तर?

---

भोसरीचा_वायरमन | १६ जून, दुपारी २.४५

ताई, लावू नका. स्कूटरची बॅटरी चार-पाच एएचची, सीलबंद. ॲसिड आत शोषून ठेवलेलं असतं, वरून पाणी घालायची सोय नसते. कारच्या चार्जरनं चार-पाच अँपिअर दिले तर ती तापते, फुगते, आणि फुगलेल्या बॅटरीवर उपाय नाही. नियम सोपा, एएचचा दहावा भाग करंट. पाचच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, पस्तीसच्या बॅटरीला साडेतीन. चार्जर घेताना त्यावर दुचाकीचा वेगळा मोड आहे का बघा.

घरी तपासायचं तर चावी ऑन करून हॉर्न दाबा. आवाज बसका आला तर सेल्फ मारत बसू नका, दर वेळी तिला आणखी खाली नेता. सेल्फ एकदा दाबला की दोन-तीन सेकंद, सोडा, दहा सेकंद थांबा, मग परत.

पूर्वीच्या स्कूटरींना बॅटरीवाचून अडत नव्हतं. तिरकी करायची, दोन किका, चालू. हेडलाइट रेस केल्यावर उजळायचा आणि सिग्नलला विझायचा, तो भाग वेगळा. आता इंजेक्शन आलं, दिवा कायम चालू आला, बॅटरीवर सगळा भार.

---

सदाशिव_तीस | १६ जून, दुपारी ३.०१

"सदाशिव पेठेच्या हिशेबात गाडी" याबद्दल मंजिरीताईंचे आभार. दुपारी एक ते चार मध्ये लिहिलंत याबद्दल निषेध.

---

चांदणीचौकातला | १९ जून, संध्याकाळी ७.२०

शनिवार सत्कारणी लागला. मोजलं.

सुरुवातीला २.१ अँपिअर. पंचवीस मिनिटांनी खाली येऊन ०.११ वर थांबलं. मग कॅमेऱ्याचा फ्यूज काढला, ०.०२. मी दोनदा लावून-काढून बघितलं, विश्वास बसेना. कॅमेरा एकटा गाडीच्या चौपटीहून जास्त खातोय. ०.११ गुणिले चोवीस, दिवसाला २.६. आठवड्याला अठरा. पस्तीसच्या बॅटरीतले अठरा, म्हणजे निम्मी बॅटरी! आणि मी दर रविवारी दहा मिनिटांत ती भरायला जात होतो, तेही एसी लावून.

कॅमेऱ्याच्या वायरवर चहाच्या बिस्किटाएवढा एक काळा डबा आहे, त्याला छोटं बटण. बॅटरी किती उतरली की कॅमेरा बंद व्हावा ते त्यावर ठरतं. बसवणाऱ्यानं ते ११.६ वर ठेवलं होतं. ११.६! वरच्या हिशेबानं पाव बॅटरीच्याही खाली.

---

मल्टिमीटर | १९ जून, संध्याकाळी ७.४४

बसवणाऱ्याचा दोष अर्धाच. ११.६ वर ठेवलं की कॅमेरा जास्त वेळ चालतो आणि गिऱ्हाईक खूश राहतं. १२.२ किंवा १२.४ वर आणा. नाहीतर पार्किंग मोड बंदच करा. तळघरात भिंतीचं काय रेकॉर्डिंग करायचंय?

---

डेक्कनचा_डिझेल | १९ जून, रात्री ८.३०

मी थोडा वेगळा सूर लावतो. चार्जर वगैरे कशाला? आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढा, कात्रजचा घाट चढून खाली उतरा, पाऊण-एक तास चालवा. टायरला बरं, ब्रेकला बरं, बॅटरीला बरं. एसी-दिवे कमीत कमी. माझी बॅटरी साडेपाच वर्षांची आहे.

---

भोसरीचा_वायरमन | २० जून, सकाळी ६.०५

साहेबांचं खरं आहे, धडधाकट बॅटरीसाठी. अर्ध्यावर राहून राहून खडे पडलेल्या बॅटरीला तासाभराचा घाट पुरत नाही. तिला एकदा रात्रभर सावकाश भरावं लागतं.

चार्जर तीन टप्प्यांत काम करणारा घ्या. आधी पूर्ण करंट देतो, मग १४.४ व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो आणि करंट आपोआप कमी होत जातो, शेवटी १३.६ च्या आसपास उतरून नुसती राखण करतो. जुन्या काळचे ट्रान्सफॉर्मरवाले चार्जर बंद व्हायचं नाव घेत नसत, पोऱ्या झोपला की सकाळी बॅटरी उकळलेली. घरच्या इन्व्हर्टरनंही करू नका, तो दीडशे एएचच्या बॅटरीसाठी असतो, पस्तीसवालीला त्याचा करंट जड जातो.

बूच उघडायची बॅटरी असेल तर आधी पाणी बघा. प्लेटा बुडालेल्या हव्यात. उघड्या पडल्या असतील तर झाकतील इतकंच डिस्टिल वॉटर आधी घाला, बाकीचं चार्ज झाल्यावर, खुणेपर्यंत. चार्ज होताना पातळी वर येते, आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर येऊन ट्रे खातं. आरओचं पाणी नको, ते डिस्टिल नव्हे. आणि ॲसिड तर घालूच नका. पाणी उडून जातं, ॲसिड आतच राहतं.

चार्जरचे चिमटे आधी लाल, मग काळा, त्यानंतर भिंतीवरचं बटण. काढताना उलटं, आधी बटण. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून बॅटरी घरात आणलीत तर गॅलरीत ठेवा. स्वयंपाकघरात नाही, देवघराजवळ नाही, तिथे समई असते.

---

कर्वेनगर_कट्टा | २० जून, सकाळी ९.४०

काका, बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते ना? वडील नेहमी लाकडी पाटावर ठेवायचे.

---

भोसरीचा_वायरमन | २० जून, सकाळी १०.१५

माझे उस्तादही पाटावर ठेवायचे, मीही ठेवतो. पण खरं सांगू का, ते जुन्या डब्यांच्या काळातलं. तेव्हाचे डबे ओल धरायचे. आताच्या प्लास्टिकच्या बॅटरीला फरशी काही करत नाही. पाट ठेवतो तो फरशी वाचावी म्हणून. कोटा फरशीवर ॲसिडचा थेंब पडला की पांढरा डाग कायमचा.

तुरटी टाका, ॲस्पिरिन टाका, एप्सम सॉल्ट टाका, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. दोन दिवस जीव आल्यासारखं वाटतं, मग कायमचा जातो.

---

चांदणीचौकातला | २० जून, दुपारी १२.१०

नवीनच भानगड. पार्किंगमध्ये एक प्लग आहे, पंपाच्या खोलीशेजारी. चार्जर आणला (साडेतीन हजार), लावायला गेलो तर सेक्रेटरी म्हणाले, कॉमन मीटरची वीज खासगी कामाला वापरता येणार नाही, मीटिंगमध्ये ठराव लागेल. पुढची मीटिंग ऑगस्टमध्ये.

---

मल्टिमीटर | २० जून, दुपारी १२.२५

हिशेब देतो, छापून लावा. वीस अँपिअर-तास भरायचे, १४.४ व्होल्टनं, म्हणजे २८८ वॅट-तास. चार्जरमधली घट धरून साडेतीनशे-चारशे. अर्धं युनिटसुद्धा नाही. चार-पाच रुपये.

---

सदाशिव_तीस | २० जून, दुपारी १२.२६

चार-पाच रुपये ही रक्कम नसून तत्त्व आहे. सेक्रेटरींशी मी पूर्ण सहमत.

---

रसायनवाली | २० जून, दुपारी १२.५०

बॅटरी काढून वर न्या, पस्तीस एएचवाली दहा-एक किलोची असते. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलंत आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, पाना लाल होतो. माझ्या भावाच्या अंगठीवर खूण आहे. अंगठी, घड्याळ काढून ठेवा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशनं घासा. फेस येतो तो थांबला की समजा ॲसिड गेलं. बूच असतील तर सोडा आत जाऊ देऊ नका. पुसून, केबल घट्ट करून वर पेट्रोलियम जेली.

---

हिंजवडी_फेज_तीन | २० जून, रात्री ९.१५

माझी गाडी ऑटो स्टार्ट-स्टॉपवाली आहे, सिग्नलला बंद होणारी. निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर आहे. चार्जरचा काळा चिमटा तिथेच लावायचा ना?

---

मल्टिमीटर | २० जून, रात्री ९.३३

नको. सेन्सरवाल्या गाडीत काळा चिमटा बॉडीच्या किंवा इंजिनच्या उघड्या धातूला लावा. करंट सेन्सरमधून गेला की गाडीला कळतं किती भरली. थेट खुंटीवर लावलं तर तिचा हिशेब चुकतो. आणि अशा गाडीची बॅटरी ईएफबी किंवा एजीएम असते, म्हणजे सारखं बंद-चालू सोसणारी. दुकानदारानं स्वस्तातली साधी टाकली तर लवकर जाईल. चार्जरवर एजीएमचा मोड असेल तर एजीएमला तोच लावा.

जंप स्टार्टलाही काळ्या चिमट्याचा हाच नियम आहे, सगळ्याच गाड्यांना. लाल लालला, दुसरा लाल लालला, काळा चांगल्या बॅटरीला, आणि शेवटचा काळा उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या धातूवर, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा टेकताना ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. गाडी चालू झाली की "आता लागत नाही" म्हणून चालू इंजिनवर बॅटरीच काढून घेणारेही बघितलेत. अल्टरनेटरचे डायोड उडतात, कॉम्प्युटरही जाऊ शकतो.

---

इलेक्ट्रिकवाला | २० जून, रात्री १०.०२

मी गंमत बघत होतो, म्हटलं आपल्याला काय, आपली इलेक्ट्रिक. मग आठवलं, माझ्याही बॉनेटखाली बारा व्होल्टची शिशाची बॅटरी आहे. मागच्या मे महिन्यात तीच उतरली होती. खाली तीस किलोवॅट-तासांची बॅटरी भरलेली आणि गाडी दारसुद्धा उघडेना.

---

चांदणीचौकातला | २७ जून, संध्याकाळी ६.३०

अहवाल. बॅटरी वर आणली, गॅलरीत, खाली पाट (काकांच्या मानासाठी). ३.५ अँपिअरवर लावली. पहिले चार-पाच तास करंट हलला नाही, मग उतरत गेला. रात्री अकराला लावली ती दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला हिरवा दिवा. तेरा तास! आणि मी दहा मिनिटं म्हणत होतो.

काढून रात्रभर तशीच ठेवली. १२.५८. गाडीत बसवली, कॅमेऱ्याचा पार्किंग मोड बंद. चार दिवसांनी आज १२.५३. सेल्फ एका दमात. काच वर-खाली होण्याचं सेटिंग गेलं होतं, बटण दाबून धरल्यावर परत आलं. घड्याळ अजून सव्वादोन दाखवतंय.

---

भोसरीचा_वायरमन | २८ जून, सकाळी ५.५५

१२.५८ म्हणजे थोडे खडे राहिलेत. नवीसारखी होणार नाही, पण फेकायची गरज नाही. महिन्याला एक रात्र लावत जा. महिनाभर गावाला जाणार असाल तर आधी पूर्ण भरा आणि निगेटिव्ह काढून ठेवा. रिकामी बॅटरी काढून ठेवण्यात अर्थ नाही.

पावसात जास्त लक्ष द्या, दिवे, वायपर, मागच्या काचेचा हीटर, सगळं एकदम चालू आणि गाडी कर्वे रोडला रांगेत उभी. चालू इंजिनवर मीटर लावून बघा, १३.८ ते १४.५ मध्ये हवं. १३ च्या खाली असेल तर अल्टरनेटर दाखवा, १५ च्या वर गेलं तर लगेच दाखवा, जास्त चार्जनंही प्लेटा जातात. आणि खंडेनवमीला झेंडूचा हार घालता तेव्हा बॉनेट उघडून केबल हलवून बघा. वर्षातून एकदा तरी हात लागतो.

जेव्हा जाईल तेव्हा जुनी दुकानातच द्या. भंगारवाल्याला दिली की तो ॲसिड गटारात ओततो. २०२२ च्या नियमांनी ती परत घेऊन शिशाचा पुनर्वापर करायची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. पावतीवर महिना-वर्ष बघून घ्या, आणि नवी घेताना बॅटरीवरचा शिक्का वाचा. दुकानात सहा महिने पडलेली बॅटरी आधीच अर्धी म्हातारी असते.

---

नवा_सभासद_पिंपळे | ३ जुलै, रात्री ११.४०

नमस्कार, नवीन आहे इथे. माझी कार फारशी वापरात नाही. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू ठेवली तर बॅटरी चांगली राहील का?

---

भोसरीचा_वायरमन | ४ जुलै, सकाळी ५.५२

धागा वरून वाचा. आणि पार्किंग तळघरात असेल तर आधी बाहेर काढा.